आई-बाबा विद्यापीठात, मूल शाळेत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : इंग्लंडमध्ये पीएच.डी.ला प्रवेश मिळाला आहे. मुलगी साडेतीन वर्षांची. नवरा नोकरीमुळे मागे राहील, मुलीला मी नेणार. 'विद्यार्थ्यांना आता मुलं नेता येत नाहीत' असं ऐकलं. खरं आहे का? आणि तिची शाळा कधी सुरू होईल?

उत्तर : अर्धं खरं आहे. जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी नियम बदलला, पण त्याचा फटका बसतो वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना. पीएच.डी. आणि संशोधनाच्या पदव्यांना मुलं नेता येतात.

तुमची अडचण वेगळीच आहे, आणि ती कळते व्हिसा नाकारल्यावर. मुलाला व्हिसा मिळण्यासाठी साधारणपणे आई-वडील दोघेही ब्रिटनमध्ये असावे लागतात किंवा सोबत जाणारे असावे लागतात. एकच पालक जाणार असेल, तर मुलाची संपूर्ण जबाबदारी त्याच्या एकट्याकडेच आहे हे कागदांनिशी दाखवावं लागतं. 'वडिलांची हरकत नाही' एवढ्या पत्राने ते सिद्ध होत नाही. उलट, वडील निर्णयांत सहभागी आहेत हेच त्यातून दिसतं. त्यामुळे पैसे भरण्याआधी हा मुद्दा विद्यापीठाच्या इमिग्रेशन सल्लागाराकडून तपासून घ्या. आरोग्य अधिभार (तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीची रक्कम) मुलामागे वर्षाला ७७६ पौंड आहे आणि तो व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा असतो.

आता शाळा. चार पूर्ण झाल्यावर जो सप्टेंबर येईल, तेव्हा मुलगी 'रिसेप्शन'च्या, म्हणजे प्राथमिक शाळेच्या सुरुवातीच्या वर्गात जाऊ शकते. त्याचा अर्ज शाळेकडे नाही, स्थानिक कौन्सिलकडे करायचा असतो आणि मुदत असते त्याच वर्षीची १५ जानेवारी. तुम्ही नंतर पोचलात तर प्रवेश मिळतो, पण जिथे जागा उरली असेल तिथे. घराजवळची शाळा मिळेलच असं नाही. म्हणून घराचा करार करण्याआधी त्या भागातल्या कोणत्या शाळांत जागा आहेत हे कौन्सिलला विचारा.

तोवर नर्सरी. इंग्लंडमध्ये तिसऱ्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून प्रत्येक मुलाला आठवड्याला १५ तास, वर्षाचे ३८ आठवडे, म्हणजे ५७० तास मोफत मिळतात. व्हिसावर 'सार्वजनिक निधीचा लाभ नाही' असं लिहिलेलं पाहून अनेक पालक हे तास घेत नाहीत. घाबरायचं कारण नाही. सरकारी शाळा आणि हे १५ तास त्या निधीत मोडत नाहीत. नोकरदार पालकांचे ३० तास मात्र तुम्हाला मिळणार नाहीत. स्कॉटलंडला जाणार असाल तर तिथे मोफत तास वर्षाला ११४० आहेत. प्रयोगशाळेत पूर्ण दिवस काम असेल, तर मोफत तासांवरचे तास विकत घ्यावे लागतील. बजेट त्यावरच बेता.

प्रश्न : अमेरिकेत मुलगा (वय ६) एफ-२ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर आहे. सगळ्या लसी झालेल्या असूनही शाळेने नोंद अपुरी म्हणून परत केली. शिवाय कार्यालयात 'विद्यार्थी व्हिसा लागेल, फी भरावी लागेल' असंही कोणी म्हणालं.

उत्तर : दुसरं आधी निकालात काढू. सरकारी शाळेची फी भरण्याचा आणि तिथे जास्तीत जास्त १२ महिने शिकण्याचा नियम एफ-१ व्हिसावर येणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांसाठी आहे. तुमचा मुलगा एफ-२ वर आहे. तो बारावीपर्यंत सरकारी शाळेत पूर्णवेळ, विनाफी शिकू शकतो. व्हिसाच्या कारणावरून सरकारी शाळेला मूल नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगितलं आहे. शाळेला हवा असतो तो पत्त्याचा पुरावा : भाडेकरार, वीजबिल. हॉटेलची पावती सहसा चालत नाही. आल्या आल्या मित्राकडे उतरलेल्या कुटुंबांचे दोन-तीन आठवडे इथेच जातात.

लसींचं दुखणं बहुधा चार ठिकाणी असतं. पहिलं, गोवराचा नवव्या महिन्यात दिलेला डोस तिथे मोजत नाहीत. पहिल्या वाढदिवसानंतरचे दोन डोस हवेत. दुसरं, गोवर-रुबेलाच्या लसीत गालगुंडाची लस नसते आणि शाळेला तिन्ही असलेली एमएमआर हवी असते. तिसरं, १ एप्रिल २०१६ पासून दिलेले पोलिओचे तोंडी डोस तिथे धरले जात नाहीत, कारण ते तीनपैकी दोनच प्रकारच्या विषाणूंचे असतात. इंजेक्शनचे पूर्ण डोस धरतात. चौथं कारण अगदी क्षुल्लक, पण सगळ्यात जास्त छळणारं : ०५/०६ ही तारीख तिथली नर्स ६ मे अशी वाचते. मग दोन डोसांतलं अंतर चुकतं, आणि कधी डोस जन्माआधीच दिलेला निघतो!

उपाय असा. एका कागदावर लसीचं ब्रँडचं नाव न लिहिता वैद्यकीय नाव, महिना अक्षरात असलेली तारीख, डॉक्टरांची सही आणि शिक्का घ्या. एमएमआरच्या दोन डोसांत किमान २८ दिवस हवेत. एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी द्या, नाहीतर त्यांच्यातही २८ दिवसांचं अंतर ठेवा. म्हणून ज्यांना अजून निघायचं आहे, त्यांनी प्रवासाच्या दोन महिने आधी डॉक्टर गाठावा. तुमच्या मुलाला आता राहिलेले डोस तिथेच घ्यावे लागतील. बऱ्याच राज्यांत पुढच्या डोसाची तारीख दाखवली की तात्पुरता प्रवेश देतात. टीबीची तपासणी सांगितली तर त्वचेच्या चाचणीऐवजी रक्ताची चाचणी मागा. बीसीजी ही टीबीची लस घेतलेल्या मुलात त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

प्रश्न : जर्मनीत मास्टर्स करणार आहे. मुलगा दीड वर्षाचा. तिथे पाळणाघर हा कायदेशीर हक्क आहे म्हणतात, मग आधीपासून धावपळ कशाला?

उत्तर : हक्क आहे, ऑगस्ट २०१३ पासून, पहिल्या वाढदिवसानंतर. पण हक्क आणि जागा या दोन गोष्टी. 'किटा'चं, म्हणजे तिथल्या पाळणाघर-बालवाडीचं वर्ष बहुतेक ठिकाणी ऑगस्टमध्ये सुरू होतं आणि तुमचं सत्र ऑक्टोबरमध्ये. तुम्ही पोचता तेव्हा वाटप होऊन गेलेलं असतं. बर्लिन, हॅम्बुर्गमध्ये आधी 'गुटशाइन' हे हक्काचं कुपन काढावं लागतं. ते हातात आलं म्हणजे जागा मिळाली असं नव्हे, जागा आपणच शोधायची. प्रवेशपत्र आल्याच्या आठवड्यातच 'श्टुडीरेंडेनवेर्क' या विद्यार्थी-सेवा संस्थेच्या किटांच्या प्रतीक्षायादीत नाव घाला.

जागा मिळाल्यावरही पहिल्या दिवशी मूल सोडून व्याख्यानाला पळता येत नाही. 'आइनगेव्योनुंग' म्हणजे रुळवणूक. बर्लिनच्या पद्धतीत पहिले तीन दिवस पालक मुलासोबतच बसतो, चौथ्या दिवशी प्रथमच थोडा वेळ, फार तर अर्धा तास, बाहेर जातो. पुढे मूल जसं सावरेल तसा वेळ वाढतो. यात काही आठवडे सहज जातात. ते सत्राच्या आधी बसवा. गोवराच्या लसीचा पुरावाही लागतो : पहिल्या वाढदिवसापासून एक डोस, दुसऱ्या वाढदिवसापासून दोन.

प्रश्न : ऑस्ट्रेलियातही सरकारी शाळा मोफत का?

उत्तर : तसं धरून चालू नका. विद्यार्थी व्हिसावरच्या कुटुंबाकडून अनेक राज्यं फी घेतात. पीएच.डी.च्या काही विद्यार्थ्यांना सूट मिळते. नियम राज्यागणिक वेगळे असल्याने राज्याच्या शिक्षण खात्याला लेखी विचारा. पाळणाघराचं सरकारी अनुदान बहुतेक आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना मिळत नाही; ऑस्ट्रेलियन सरकारच्या शिष्यवृत्तीवर आलेले हा मुख्य अपवाद.

प्रश्न : बायको एफ-२ वर आहे. ओळखीतल्या दोन मुलांना पैसे घेऊन सांभाळते. हरकत आहे का?

उत्तर : आहे. एफ-२ वर कोणतंही मोबदल्याचं काम चालत नाही, घरात बसून केलेलंही. व्हिसाचा दर्जा तिचा जातो आणि पुढच्या अर्जांत ते खुपतं. दोन कुटुंबांनी विनामोबदला आळीपाळीने एकमेकांची मुलं पाहिली, तर ती गोष्ट निराळी.

प्रश्न : मूल आजारी पडलं आणि त्याच दिवशी परीक्षा असेल तर?

उत्तर : हे होणारच, पहिल्या हिवाळ्यात तर वारंवार. तापाचं मूल औषधाशिवाय २४ तास ताप नसल्यावरच परत घेतात, असा अमेरिकेतला सर्वसाधारण नियम. उलटी-जुलाबासाठी ब्रिटनमध्ये ४८ तास. त्या दिवसांचे पैसे मात्र बहुतेक ठिकाणी द्यावेच लागतात. म्हणून सत्राच्या पहिल्या आठवड्यात मार्गदर्शकाला मुलाबद्दल सांगून ठेवा आणि परीक्षा पुढे ढकलण्याचा अर्ज कुठे, किती तासांत द्यायचा ते विभागात विचारा. पाळणाघराच्या फॉर्मवर पालकांखेरीज तातडीला मूल घेऊन जाऊ शकेल अशा माणसाचं नाव मागतात. नव्या गावात अशी ओळख नसते, तेव्हा तो रकाना रिकामा ठेवू नका : त्याच वसतिगृहातल्या मूल असलेल्या एखाद्या कुटुंबाशी बोला आणि त्यांच्या फॉर्मवर तुमचंही नाव द्या.