कास्तकाराला भाव फोनवर ऐकवायचा तर : वाचकांची प्रश्नोत्तरे

आमची शेतकरी उत्पादक कंपनी सभासदांना कापसाचा भाव रोज एसएमएसने कळवते. बऱ्याच कास्तकारांना वाचता येत नाही, म्हणून आता आवाजी फोन हवा. सॉफ्टवेअर करणारा म्हणतो, सगळं नव्यानं लिहावं लागेल. (यवतमाळ जिल्हा)

सगळं नाही. सभासदांची यादी, आजचा भाव आणि निरोप पोचवणं ही तीन कामं वेगळी ठेवली असतील, तर फक्त तिसऱ्याला जोड द्यायची आहे. त्या भागाला नंबर आणि भाव द्यायचा. त्यानं 'पोचला' की 'नाही' एवढंच कळवायचं. आत एसएमएस आहे की फोन, याच्याशी यादीचा संबंध नको. एसएमएसचा कोड यादीत मिसळलेला असेल, तर आधी तो सोडवून घ्या. इथे पैसे वाचवू नका.

फोन लावणं, रेकॉर्डिंग ऐकवणं, दाबलेलं बटण ओळखणं हे सगळं ॲस्टेरिस्क करतं. १९९९ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते पुन्हा लिहायला बसू नका.

खरी मेहनत आकड्यांची. इंग्रजीत वीस आणि पाचची रेकॉर्डिंग जोडली की पंचवीस होतात. मराठीत तसं जमत नाही. म्हणून १ ते ९९ सगळे आकडे, 'एकशे' ते 'नऊशे', 'हजार', 'रुपये क्विंटल' असं सुटं सुटं रेकॉर्ड करा. मग ७,४२५ म्हणजे सात, हजार, चारशे, पंचवीस. आवाज एकाच व्यक्तीचा आणि आपल्याच भागातला असावा, नाहीतर जोड कानाला खटकतात. हाच संच तुरीला आणि सोयाबीनलाही चालेल.

मराठी एसएमएसचं बिल इंग्रजीपेक्षा इतकं जास्त का? (वरुड)

इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. काना-मात्राही वेगळ्या मोजतात. 'कापूस' म्हणजे ५. सत्तरीपुढे गेलात की मजकुराचे ६७-६७चे भाग पडतात आणि प्रत्येक भागाचे पैसे लागतात. डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसचा मजकूर आधी नोंदवायची टेलिकॉम कंपन्यांची यंत्रणा) नोंदवलेला साचा प्रोग्रॅममध्ये न कोरता वेगळ्या तक्त्यात ठेवा, म्हणजे मजकूर आखडता घेणं सोपं जाईल.

मेळघाटात रेंज जाते. निरोप कधी दोनदा जातो, कधी जातच नाही. शिवाय कोरकूतही ऐकवायचं आहे.

प्रत्येक निरोपाला क्रमांक द्या आणि पोच मिळेपर्यंत तो रांगेत ठेवा. पुन्हा पाठवताना क्रमांक तोच राहिला, तर पोचलेला निरोप ओळखून थांबवता येतो. कोरकूसाठी आवाजांचं फोल्डर वेगळं करा, आणि आकडे कोणत्या क्रमानं जोडायचे तो नियमही त्याच फोल्डरसोबत ठेवा. मराठीचा क्रम तिथे लादू नका. तो कोरकू बोलणाऱ्या माणसालाच ठरवू द्या.