शाखामार्गावरच्या सिग्नलला वीज कुठून मिळायची?

मागच्या अंकात एकेरी मार्गावरच्या टोकन यंत्राविषयी लिहिले होते. टोकन म्हणजे त्या मार्गावर गाडी नेण्याचा परवाना म्हणून ड्रायव्हरला द्यायचा गोळा. त्यावर आलेली बरीचशी पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरतात : ही यंत्रे, घंटा, दिवे चालायचे कशावर? सिग्नलच्या देखभालीत माझी सगळी नोकरी गेली आणि तिचा मोठा भाग कमी गाड्यांच्या शाखामार्गांवर. तिथे निम्मे काम वीजपुरवठ्याचेच असते. म्हणून या वेळची सगळी जागा त्याच पत्रांना देत आहे.

प्रश्न : स्टेशनात रॉकेलचे दिवे होते, विजेची जोडणी नव्हती. तरीही मास्तरांच्या खोलीत पुढच्या स्टेशनची घंटा वाजायची आणि यंत्रातून टोकनचा गोळा निघायचा. ही वीज यायची कुठून?

उत्तर : मास्तरांच्या खोलीतल्या लाकडी कपाटातून. ते उघडले की आत काचेच्या बरण्यांची रांग दिसे. प्रत्येक बरणी म्हणजे एक लेक्लांशे सेल. जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने १८६६ मध्ये तो पुढे आणला. बरणीत नवसागराचे पाणी, त्यात जस्ताची कांडी, आणि मध्ये सच्छिद्र मातीचे भांडे. भांड्यात कार्बनची पट्टी आणि तिच्याभोवती ठासून भरलेले मँगनीज डायऑक्साइड. एका सेलचे साधारण दीड व्होल्ट, दहा सेल एकापुढे एक जोडले की पंधरा. पुढचे स्टेशन लांब असेल तर तारेचा रोध वाढतो, म्हणून बरण्याही वाढवायच्या.

एवढ्याशा विजेवर भागायचे, कारण काम क्षणभराचे असे. घंटेचा एक ठोका, कुलपाची एक उचल, की झाले. या सेलचा स्वभावही त्याला अगदी जुळणारा. सतत करंट ओढला तर कार्बनवर हायड्रोजन साचतो आणि व्होल्टेज उतरते. थोडी विश्रांती मिळाली की मँगनीज डायऑक्साइड तो हायड्रोजन संपवते आणि सेल पुन्हा उभा राहतो. दिवसाला मोजक्या गाड्या असलेल्या मार्गावर विश्रांतीला काय तोटा?

ट्रॅक सर्किटचे, म्हणजे रुळांवर गाडी आहे का ते ओळखणाऱ्या विजेच्या मंडलाचे, गणित मात्र उलटे. तिथे रुळांतून रात्रंदिवस करंट वाहता ठेवावा लागतो. त्यासाठी डॅनिएल जातीचा गुरुत्व सेल वापरत : तळाशी तांब्याचा पत्रा आणि मोरचुदाचे निळे द्रावण, वर जस्त, आणि व्होल्टेज जेमतेम १.१. हा सेल नुसता ठेवला तर निळे द्रावण हळूहळू वर चढते, जस्तापर्यंत पोचते आणि जस्त काळे पडते. करंट वाहत राहिला तरच निळी रेघ खाली राहते. म्हणजे पहिल्या सेलला विश्रांती हवी, दुसऱ्याला अखंड काम. हे ज्याला कळले नाही त्याने कितीही नवे सेल बसवले तरी तक्रार सुटत नसे.

कपाट तपासण्याचे काम मला फार आवडायचे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. आधी नजर बरणीच्या काठावर. नवसागर काठाने वर चढतो, पांढरी खपली धरतो आणि बाहेरच्या बाजूने खाली उतरतो. ती ओली खपली शेजारच्या बरणीला टेकली की तिथून करंट गळू लागतो. म्हणून काठ पुसून कोरडा करायचा आणि त्याला ग्रीसचा हात द्यायचा. मग जस्ताची कांडी वर उचलून पाहायची. ती पाण्याच्या पातळीपाशी सगळ्यात जास्त झिजते, तिथे बारीक झालेली दिसली की बदलायची. शेवटी मीटर. नुसत्या सेलवर मीटर लावला तर थकलेला सेलही दीड व्होल्ट दाखवतो, म्हणून भार जोडून वाचन घ्यायचे. भार येताच काटा खाली बसला तर तो सेल बाद.

तार बहुधा एकच असे, परतीची वाट जमीन. दोन्ही स्टेशनांत पुरलेल्या अर्थ प्लेटमधून करंट परतायचा. कोरड्या दिवसांत खड्ड्याभोवतीची माती सुकली की घंटा मंदावायची आणि बरणी बदलून काही उपयोग व्हायचा नाही. अर्थच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतले की ठोका पुन्हा खणखणीत.

या क्षीण करंटवर केवढा भार होता तेही सांगायला हवे. १८७४ मध्ये इंग्लंडमध्ये नॉरिचजवळ थॉर्प इथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. तारेने पाठवलेल्या निरोपाच्या गोंधळातून दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या होत्या. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी विजेने बांधलेले टॅब्लेट यंत्र (गोळ्याऐवजी चकती देणारे) आणले, त्याचे पेटंट १८७८ चे. पुढची सगळी टोकन यंत्रे त्याच विचाराची. समोरच्या स्टेशनने करंट दिल्याशिवाय गोळा निघत नाही. एक निघाला की यंत्रांचा आपसातला मेळ तुटतो, आणि तो गोळा दोहोंपैकी एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा गोळा कोणालाच काढता येत नाही. बरण्यांचे कपाट हे काम करत होते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. वीज गेली तर सिग्नल चुकून हिरवा होण्याची भीती नसते का?

उत्तर : ती भीती पहिल्या पिढीनेच ओळखली होती. सुरुवातीच्या ट्रॅक सर्किटमध्ये गाडी आली की करंट सुरू व्हायचा. तार तुटली, सेल संपला, तर गाडी असूनही काहीच कळायचे नाही. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये हे उलटे केले. रूळ मोकळे असताना करंट वाहतो आणि रिले, म्हणजे सिग्नलचे मंडल जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकी खटका, उचललेला राहतो. गाडी आली की तिच्या चाकांच्या आसातून करंट परस्पर परततो आणि रिले पडतो. सेल संपला, तार तुटली, रूळ तडकून दुभंगला, तरी बहुतेक वेळा रिले पडतोच, आणि पडलेला रिले म्हणजे लाल. सिग्नलच्या रिलेचा आर्मेचर (हलता लोखंडी भाग) स्वतःच्या वजनाने खाली येतो, जुन्या हाताच्या सिग्नलचा हात वजनाने धोक्याच्या स्थितीत परततो. दिवाच विझला असेल तर ड्रायव्हरने तो सिग्नल धोक्याचा मानायचा.

त्यामुळे वीज जाण्याला आम्ही घाबरत नसू. गाड्या अडकायच्या, मास्तर वैतागायचे, कागदी परवान्यावर गाडी काढावी लागायची, पण कोणाचा जीव जात नसे. झोप उडायची ती नको त्या वाटेने आलेल्या विजेने. त्याला आम्ही ‘फॉल्स फीड’ म्हणतो. केबलमधल्या दोन तारांचे आवरण चिरले, त्यात पाणी शिरले आणि एकीचा करंट दुसरीत गेला, तर पडायला हवा तो रिले उचललेला राहू शकतो. पुढच्या पत्राचे उत्तर या धोक्याशीच जोडलेले आहे.

प्रश्न : बंद पडलेल्या शाखामार्गाचा एक तुकडा आम्ही हौशी मंडळी जपत आहोत. स्टेशनच्या इमारतीत घरगुती जोडणी आहे. तिच्यावरूनच एक किलोमीटरवरच्या सिग्नलचा दिवा आणि रिले चालवले तर चालेल का? दिवा १२ व्होल्ट, २४ वॉटचा आहे.

उत्तर : थेट अजिबात नको. कारणे दोन आहेत आणि दोन्ही नीट समजून घ्या.

पहिले कारण अंतराचे. तुमचा दिवा २ अँपिअर ओढणार. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ७ ओहम. जाऊन-येऊन १४ ओहम. स्टेशनातच १२ व्होल्ट करून पाठवायचे म्हटले तर वाटेत २८ व्होल्ट पडायला हवेत, आणि तुमच्याकडे आहेत १२! सिग्नलला पुरेल एवढा दिवा उजळणारच नाही. हेच ११० व्होल्टने पाठवले तर करंट उरतो ०.२२ अँपिअर, वाटेत पडतात सुमारे ३ व्होल्ट, आणि सिग्नलच्या पायथ्याशी लोकेशन बॉक्समध्ये (रुळालगतच्या उपकरणांच्या पेटीत) छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून तिथे १२ व्होल्ट करता येतात. अनेक ठिकाणी लोकेशन बॉक्समध्ये ११० व्होल्ट दिसतात ते यामुळे. अंतर आणखी वाढले की मुख्य वाहिनीचे व्होल्टेजही वाढवतात. ब्रिटनमध्ये त्यासाठी ६५० व्होल्टची वाहिनी वापरतात.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. घरगुती जोडणीतली न्यूट्रल जमिनीला बांधलेली असते. त्यामुळे सिग्नलच्या तारेचे आवरण कुठेही फाटून ती जमिनीला टेकली की मंडल तिथल्या तिथे पुरे होते. सिग्नलचा पुरवठा म्हणून मुद्दाम अधांतरी ठेवतात : आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर घालायचा आणि पलीकडची एकही तार जमिनीला बांधायची नाही. मग एक तार टेकली तरी करंटला परतीची वाट नसते आणि काहीच घडत नाही.

आणि काहीच न घडण्यातच जोखीम आहे. पहिला दोष गुपचूप राहतो. महिन्याने दुसऱ्या ठिकाणी दुसरी तार टेकली की या दोन दोषांमधून, जमिनीच्या वाटेने, मधले संपर्क (मंडल जोडणारे-तोडणारे खटके) ओलांडून करंट थेट रिलेला मिळू शकतो. म्हणून अर्थ लीकेज दाखवणारे उपकरण बसवा आणि त्याचा दिवा लागला की ‘गाडी तर चालतेय’ म्हणून दोष शोधणे पुढे ढकलू नका. महत्त्वाच्या रिलेच्या मंडलात संपर्क दोन्ही तारांत घाला, एकाच नाही. मग एका तारेत परका करंट शिरला तरी दुसरी तुटलेली असते. वर्षातून किमान एकदा, शक्यतो भर पावसाळ्यात, केबलचा इन्सुलेशन रोध मेगरने तपासा. कोरड्या हवेत सगळ्याच केबल चांगल्या दिसतात. मेगर लावण्याआधी रिले आणि इलेक्ट्रॉनिक भाग सोडवून घ्यायला विसरू नका.

रिले थेट चार्जरवर चालवू नका. मध्ये बॅटरी हवी. २४ व्होल्टला शिसे-आम्लाचे १२ सेल, त्यांच्यावर सतत तरंगता चार्जर, म्हणजे बॅटरी कायम भरलेली ठेवणारा. वीज गेली तरी रिलेला कळत नाही. खोलीला वारा हवा, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. एक सेल ठरवून त्याची घनता दर वेळी हायड्रोमीटरने वहीत नोंदवत जा. बॅटरी एका दिवसात मरत नाही, वहीतले आकडे आधी बोलतात.

हे सगळे जोडल्यावर अधिकृत सिग्नल अभियंत्याकडून चाचणी करून घेतल्याशिवाय त्या सिग्नलवर प्रवासी गाडी चालवू नका.

प्रश्न : रुळांत वीज असते, तर हात लावल्यावर धक्का बसतो का?

उत्तर : साध्या डीसी ट्रॅक सर्किटमध्ये दोन रुळांत एखाद-दोन व्होल्टच असतात, ते जाणवतही नाहीत. पण सगळीच ट्रॅक सर्किटे अशी नसतात, आणि विजेच्या इंजिनाच्या मार्गावर रुळांतून इंजिनाचा परतीचा करंट वाहतो. बाहेरून पाहून फरक कळत नाही. रुळांपासून दूर राहा.

प्रश्न : आमच्या मार्गावर क्वचितच गाडी धावते. रुळांवर डबा उभा असूनही ट्रॅक रिले पडला नाही, असे एकदा झाले. तुम्ही तर म्हणता सर्व दोष लालकडे झुकतात.

उत्तर : मी ‘बहुतेक’ म्हणालो, आणि तुमचे उदाहरण उरलेल्यांपैकी सगळ्यात गंभीर. शाखामार्गाचा हा खास आजार आहे. वर्दळीच्या मार्गावर चाके रुळाचा माथा आरशासारखा घासून ठेवतात. कमी वर्दळीत माथ्यावर गंज चढतो. गंजाचा थर करंट अडवतो आणि एखाद-दोन व्होल्टला तो भेदता येत नाही. वर डबा हलका असेल तर चाकाचा दाबही कमी. डबा उभा आहे, पण विजेच्या दृष्टीने तो रुळांवर नाहीच.

दुसरे कारण माणसाचे असते. पावसात खडी भिजली की करंट एका रुळातून दुसऱ्यात झिरपतो आणि गाडी नसतानाही रिले पडतो. तक्रार मिटवायला कोणीतरी सेलच्या बाजूचा रोध कमी करून करंट वाढवतो. पाऊस संपतो, खडी सुकते, वाढवलेला करंट तसाच राहतो. आता रिलेला इतके जास्त मिळते की चाकांनी बराचसा करंट पळवला तरी उरलेल्यावर तो उचललेलाच. म्हणून रोधाला हात लावला की त्याच दिवशी दोन्ही रुळांमध्ये अर्ध्या ओहमचा रोध टाकून रिले पडतो का ते पाहायचे, आणि हवा पालटल्यावर पुन्हा पाहायचे.

गंजावर उपाय आहेत. काही ठिकाणी माथ्यावर स्टेनलेस स्टीलची नागमोडी पट्टी वितळवून बसवतात. काही ठिकाणी सुमारे शंभर व्होल्टचे अतिशय लहान झटके सोडणारे ट्रॅक सर्किट लावतात, ते थर भेदते. आता अनेक जण ॲक्सल काउंटर पसंत करतात : आत किती आस गेले, बाहेर किती आले, एवढेच मोजायचे, गंजाशी संबंध नाही. तो तुटलेला रूळ मात्र दाखवत नाही. शिवाय वीज खंडित झाली तर त्याची मोजणी हरवते आणि भाग व्यापलेला दिसतो. तो शून्यावर आणण्याआधी भाग खरोखर रिकामा असल्याची खात्री माणसाने करावी लागते.

तुमच्याकडे यातले काही बसेपर्यंत एवढे करा. मार्ग काही दिवस बंद राहिला असेल तर रूळ घासून माथा चकचकीत होईपर्यंत ट्रॅक सर्किट मोकळे दाखवते म्हणून पुढची गाडी सोडू नका. आधीची गाडी शेवटच्या डब्यासह पूर्ण बाहेर पडली, हे दोन्ही टोकांनी पाहून आणि नोंदवहीत लिहूनच परवाना द्या. आणि जो डबा दिसला नाही त्याची घटना वरिष्ठ सिग्नल अभियंत्याला लेखी कळवा. रिले आता नीट चालतो आहे, एवढ्यावर ते प्रकरण मिटवू नका.