क्लासिक ३५० गावात फिरवायची तर सुरुवात हँडलपासून कर

भावा, कोल्हापुरात रोज शाहूपुरी ते उद्यमनगर फिरायला रॉयल एनफिल्डची नवी क्लासिक ३५० घेतलीस, आता कॅफे रेसरसारखं, म्हणजे रेसिंग स्टाइलच्या गाडीसारखं, खाली हँडल लावून मागचं मडगार्ड कापायचं म्हणतोयस. दोन्ही नको करूस. खाली हँडल लावलं की अंगाचा भार मनगटावर येतो. १९५ किलोची गाडी, त्यात महाद्वार रोडच्या गर्दीत क्लच दाबत-सोडत जायचं, हात भरून येतात.

मी उलटं केलं. उद्यमनगरात लेथवर दोन स्पेसर, म्हणजे हँडलखाली बसवायचे धातूचे तुकडे, करून घेतले, हँडल इंचभर वर आणलं. पाठ सरळ झाली, पुढचं लांबचं दिसायला लागलं. पण दुसऱ्याच दिवशी पापाच्या तिकटीला गाडी वळवताना हँडल टोकाला गेलं आणि एक्सलेटर न देताच रेस वाढली. केबल ताणली होती. तसाच पुढच्या गाडीवर आदळलो असतो. म्हणून फिटिंग झाल्यावर डबल स्टँडवर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेव आणि हँडल दोन्ही टोकांना फिरव. रेस जरा जरी वाढली तर केबलची वाट बदलून घे. पुढच्या ब्रेकचा पाइप ताणतोय का तेही बोटानं बघ. हे झाल्याशिवाय गॅरेजमधून गाडी बाहेर काढू नकोस.

मडगार्डचं सांगतो. आधीच्या गाडीचं मी हौसेनं कापलं होतं. जुलैत आईला मागं बसवून रंकाळ्यावरून आलो, घरी बघतो तर तिच्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा. आपल्याकडचा पाऊस बघता मडगार्ड लांबच पाहिजे.

मागचे शॉक कडक वाटत असतील तर लगेच नवे घेऊ नकोस. त्यांचं प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, सहा टप्प्यांत फिरतं. एकटा असशील तर खालच्या टप्प्यावर आणून आठवडाभर चालवून बघ. टायर कंपनीच्याच मापाचे ठेव, पुढं १९, मागं १८ इंच. रुंद टायरनं गाडी वळणात जड होते. हँडलच्या टोकांना लावायचे बार-एंड आरसे दिसतात झकास, पण गर्दीत रिक्षाला घासतात.

जादा लाइट लावणार असशील तर रिले (लाइटचा करंट स्विचवर येऊ न देणारी डबी) आणि फ्यूज घालून वेगळी वायर ओढ, कंपनीचं वायरिंग कापू देऊ नकोस. सायलेन्सर आहे तोच राहू दे. मोठ्या आवाजाचा लावलास तर दंड बसतो, आणि पहाटे गल्लीतल्या म्हाताऱ्यांची झोप मोडते ती वेगळीच.

साडी गार्डही काढू नकोस. तुझी उंची कळव, म्हणजे स्पेसर किती जाडीचा लागेल ते सांगतो.