हिपॅटायटिस ‘बी’ (विषाणूमुळे यकृताला येणारी सूज) झालेल्या माणसासोबत जेवल्याने तो आजार होतो का? हिपॅटायटिसचे ‘ए’ ते ‘ई’ हे सगळे प्रकार सारखेच पसरतात का?

नाही. सोबत जेवल्याने किंवा हात मिळवल्याने ‘बी’ आणि ‘सी’ पसरत नाहीत. ते बाधित रक्त, पुन्हा वापरलेली सुई, असुरक्षित शरीरसंबंध आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला, अशा मार्गांनी जातात. ‘डी’ केवळ ‘बी’च्या जोडीनेच होतो. ‘ए’ आणि ‘ई’ मात्र मैलामिश्रित पाण्यातून व अन्नातून पसरतात; २०१२ साली इचलकरंजीत आलेली काविळीची साथ ‘ई’चीच होती, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हा विषाणू जिवावर बेतू शकत असल्याने साथीच्या काळात गरोदर स्त्रीने पाणी उकळूनच प्यावे. ‘बी’ची लस नवजात बाळाला २४ तासांच्या आत द्यावी, असा माझा कळकळीचा आग्रह आहे. ‘सी’वर लस नाही, परंतु गोळ्यांच्या उपचाराने बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.