आधी मूल कुठे अडते ते पाहा, मग वाचनवर्ग ठरवा

सप्रेम नमस्कार.

धारणी तालुक्यातून आलेले तुमचे पत्र वाचले. डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गावात संध्याकाळी वाचनवर्ग घेता, सर्वांना एकत्र बाराखडीपासून शिकवूनही चौथी-पाचवीची काही मुले जिथल्या तिथेच आहेत, तेव्हा कोणता उपचारात्मक (मागे पडलेल्या मुलांसाठीचा) वाचन कार्यक्रम निवडावा आणि पुढे याच कामात करिअर करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

कार्यक्रमाचे नाव नंतर ठरवा. वाचून समजणे म्हणजे लिपी उलगडता येणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार, अशी मांडणी गॉफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 मध्ये केली; यांपैकी एक बाजू शून्य असेल, तर दुसरी कितीही भक्कम असली तरी आकलन होत नाही. म्हणून एक उतारा मुलाला वाचू द्या, तेवढ्याच काठिण्याचा दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि दोन्हींवर प्रश्न विचारा. जो मुलगा ‘कापूस’ऐवजी ‘कपस’ वाचतो, पण ऐकलेली गोष्ट मात्र बिनचूक सांगतो, त्याला काना-मात्रा-उकारांचा रोज थोडा, क्रमाने वाढत जाणारा सराव हवा, जोडाक्षरे त्यानंतर. याउलट घरी कोरकू बोलणारी एखादी मुलगी धडा सरसर वाचते आणि काय वाचले हे विचारताच गप्प होते, तिला पुन्हा बाराखडी घोटायला लावणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिच्याशी आधी कोरकूत बोलून, मग तीच गोष्ट मराठीत सांगून शब्दसंग्रह वाढवावा लागेल. तुम्हाला कोरकू येत असेल, तर ही तुमची फार मोठी जमेची बाजू आहे.

नजर आणि श्रवण यांची तपासणी मात्र सर्वांआधी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा अशी मुले आवर्जून दाखवा. योग्य सराव नियमित देऊनही एखादे मूल पुढे सरकत नसेल, तर स्वतः निदान न करता गट साधन केंद्रातील (शाळांना मदत करणाऱ्या तालुका पातळीवरील केंद्रातील) विशेष शिक्षकांना कळवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात सतत येणारी अडचण, समाविष्ट आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळेसारख्या सवलती मिळतात.

करिअरचे म्हणाल तर हे काम अवश्य निवडा. पदवीनंतर अध्ययन अक्षमता या विषयातील दोन वर्षांचे विशेष बी.एड. करता येते. शुल्क भरण्यापूर्वी त्या महाविद्यालयाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असल्याची खात्री करून घ्या, कारण परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. काही नेमणुका कंत्राटी असतात, त्यामुळे जाहिरातीतील अटी नीट वाचूनच अर्ज करावा.

आपला,
करिअर मार्गदर्शक