जर्मनीचा करार आणि धाकटीचे वय

ताई, मी ३३ वर्षांची असून बेळगावातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात नऊ वर्षे परिचारिका आहे. पगार २४,००० रुपये. पतीचे उद्यमबागेत जॉबवर्कचे छोटे वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि कर्जावर घेतलेले एक व्हीएमसी (संगणकावर चालणारे मिलिंग) मशीन. मुलगा ७ वर्षांचा, मराठी शाळेत दुसरीत. मुलगी ३ वर्षांची, तिला मात्र येत्या जूनमध्ये इंग्रजी माध्यमात घालणार आहोत. बेंगळुरूच्या एका एजन्सीने जर्मनीतील रुग्णालयाचे काम देऊ केले आहे. तिथे माझ्या शिक्षणाला मान्यता मिळेपर्यंत महिना २,६०० युरो आणि नंतर ३,३०० युरो, कपातीपूर्वीचे. मी आधी एकटीने जायचे, कुटुंब नंतर. जर्मनची पहिली पातळी मी पूर्ण केली आहे. दोन महिन्यांत करार करून ४ लाख रुपये भरायचे आहेत. पती म्हणतात, "तू म्हणशील तसे." सासरे खानापूर तालुक्यात गावी असतात. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगवास भोगला. ते म्हणतात, "आम्ही मराठीसाठी आयुष्य घातले आणि तुम्ही नातवंडांना जर्मन करायला निघालात." मला वाटते, इथे मराठी माणसाच्या मुलांना भवितव्य नाही. जावे का?
— एक परिचारिका, वडगाव

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते. जायला हरकत नाही, परंतु हा करार दोन महिन्यांत करू नये. पत्रात तुम्ही पैशाबद्दल, सासऱ्यांबद्दल आणि सीमाभागाबद्दल पुष्कळ लिहिले आहे, मुलांची वयेही सांगितली आहेत, पण त्या वयांचा हिशेब कुठेच मांडलेला नाही. माझ्या मते निर्णय त्या हिशेबावर व्हायला हवा.

जर्मनीत परिचारिकेचा व्यवसाय कायद्याने नियंत्रित आहे. इथली बीएस्सी नर्सिंग पदवी किंवा जीएनएम ही पदविका तिथे आपोआप चालत नाही. तेथील राज्याचे प्राधिकरण तुमचा अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहते, जे कमी भरते ते लेखी कळवते, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी काही महिन्यांचे पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानाची परीक्षा असे दोन मार्ग देते. पूर्ण नोंदणीसाठी बहुतेक राज्यांत जर्मन भाषेची बी-२ पातळी, म्हणजे सहांपैकी चौथी, मागतात. तुम्ही ए-१ वर, म्हणजे पहिल्या पातळीवर आहात. अतिदक्षता विभागातील पाळ्या, रात्रपाळीनंतरची झोप आणि घरची दोन मुले सांभाळून बी-२ पर्यंत पोहोचायला वर्षभर तरी लागेल. एजन्सीवाले सहा महिने म्हणत असतील, तर त्यांच्या हिशेबात तुमचे घर धरलेले नाही. त्यापुढे व्हिसा, मदतनीस म्हणून काम, मान्यता, आणि बहुतेक जणी जसे करतात तसे मान्यतेनंतर कुटुंबाचा व्हिसा, यात आणखी वर्ष-दीड वर्ष धरून चाला.

आता हे महिने मुलांच्या वयावर मांडून पाहा. तुम्ही निघाल तेव्हा मुलगा ८ पूर्ण करून ९ कडे झुकलेला असेल आणि तो तिथे पोहोचेल तेव्हा साडेनऊ-दहाचा असेल. जर्मनीतील बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असते आणि चौथीनंतर मुले वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटली जातात. विद्यापीठाकडे नेणारी शाळा वेगळी, कारागिरीच्या शिक्षणाकडे नेणारी वेगळी. म्हणजे तुमचा मुलगा जर्मन वाक्य नीट जुळवायला लागतो न लागतो, तोच ही वाटणी त्याच्यासमोर येईल. "मुलांच्या भवितव्यासाठी" असे म्हणताना ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसावी, आणि एजन्सी तर सांगणारच नाही. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग या दोन राज्यांत मात्र प्राथमिक शाळा सहावीपर्यंत चालते. त्यामुळे रुग्णालय कोणत्या राज्यात आहे, हा प्रश्न तुमच्या बाबतीत पगाराइतकाच महत्त्वाचा आहे आणि तो तुम्ही पहिल्याच मुलाखतीत विचारायला हवा.

धाकटीची गोष्ट उलटी आहे. तिच्यासाठी जितके उशिरा जाल तितके बरे. तीन वर्षांच्या मुलीला "आई कामाला गेली" हे कळते, पण "आई पुढच्या वर्षी नेणार आहे" हे कळत नाही. पहिले काही दिवस ती व्हिडिओ कॉलवर तुमच्या तोंडाजवळ तोंड आणून बसेल, फोनला घास भरवेल. मग एके दिवशी आजीने फोन पुढे केला की ती मान फिरवून खेळायला जाईल, आणि जवळपास सात हजार किलोमीटरवर, पाळी संपवून गणवेश न बदलताच फोन लावलेल्या तुम्हाला पडद्यावर नुसते घरचे छत दिसत राहील. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. आखाती देशांत आया गेलेल्या घरांतून हे चित्र आपल्याकडे पुष्कळांनी पाहिले आहे, आणि त्यातली बहुतेक मुले नंतर आईशी पुन्हा जुळवूनही घेतात. पण जाणाऱ्या बाईने ते आधी डोळ्यांसमोर आणलेले असले, तर तिकडे एकटी असताना ती कोसळत नाही.

थोरल्याला लवकर जाणे हिताचे आणि धाकटीला उशिरा, असा हा पेच आहे. दोघांचेही शंभर टक्के साधणार नाही. माझे मत विचाराल तर धाकटीचे वय सांभाळावे. थोरल्याची शाळा नंतरही दुरुस्त होऊ शकते, कारण तिथे पुढच्या इयत्तांत एका प्रकारच्या शाळेतून दुसऱ्या प्रकारात जाण्याच्या वाटा ठेवलेल्या आहेत, आणि भाषा पक्की झालेली मुले त्या वाटांनी जातात. म्हणून बी-२ ची परीक्षा इथे राहूनच द्या. गोएथे इन्स्टिट्यूट म्हणजे मॅक्स म्युलर भवन बेंगळुरूतही आहे आणि पुण्यातही, आणि दोन्ही शहरे बेळगावहून एका रात्रीच्या प्रवासाची आहेत. तोवर धाकटी चार पूर्ण करील. मान्यतेसाठी दोन्ही मार्ग खुले असतील तर पूरक प्रशिक्षणापेक्षा परीक्षेचा विचार करा. अतिदक्षता विभागातील नऊ वर्षे पाठीशी असलेल्या परिचारिकेला तो मार्ग जड जाऊ नये आणि ताटातुटीचे काही महिने वाचतील. एकटे राहण्याची मुदत मात्र पती-पत्नींनी आधीच ठरवून घ्यावी. मी तुमच्या जागी असते तर एक वर्ष ठरवले असते, आणि ते उलटले तर परत यायचे, हेही ठरवले असते.

पैशाबद्दल थोडक्यात लिहिते. २,६०० युरोंतून कर आणि सामाजिक विमा वजा जाऊन हातात साधारण १,८५० येतील. एकटीचा खर्च काटकसरीने भागवून महिन्याला सहा-सातशे युरो, म्हणजे युरोचे शंभर रुपये धरले तर साठ-सत्तर हजार रुपये घरी पाठवता येतील आणि मशीनचा हप्ता निघेल. कुटुंब आल्यावर चित्र पालटते. ३,३०० युरोंतून, पती कमावत नसल्याने कर कमी बसून, हातात सुमारे अडीच हजार येतात. प्रत्येक मुलामागे सरकारचा बालभत्ता मिळतो, २०२५ मध्ये तो महिना २५५ युरो होता. न कमावणारा जोडीदार आणि मुले सरकारी आरोग्य विम्यात वेगळा हप्ता न भरता येतात, ही मोठी सोय आहे. तरीही चौघांच्या घराचे भाडे आणि वीज-गॅस भागवल्यावर बेळगावला पाठवायला फारसे काही उरणार नाही. म्हणजे ज्या वर्षी मुले जवळ येतील, त्याच वर्षी मशीनचे हप्ते इकडून फेडण्याची सोय करून ठेवलेली हवी.

त्यावरून तुमच्या पतींकडे येते. "तू म्हणशील तसे" या उत्तराला तुम्ही संमती समजत आहात. मला ते तसे वाटत नाही. ज्या माणसाने व्हीएमसी घेण्यासाठी कर्ज काढले, त्याने पुढची दहा वर्षे मनात कुठेतरी आखलेली असतात. फाउंड्रीवाले ज्याच्या हातचा जॉब मायक्रोमीटर न लावता उचलतात, तो माणूस तिकडे पहिले वर्ष-दीड वर्ष काय करील, याचे चित्र त्याच्यासमोर स्पष्ट ठेवा. तुमची सकाळची पाळी सहाच्या सुमारास सुरू होईल. मुलांना उठवणे, बालवाडीत पोहोचवणे, शाळेतून आणणे, डॉक्टरकडे नेणे आणि शिक्षिकेशी तुटक्या जर्मनमध्ये बोलणे, हे सगळे त्यांच्याकडे येईल. वर्षाच्या पुढील प्रत्येक मुलाला बालसंगोपनाच्या जागेचा हक्क जर्मन कायद्याने दिलेला असला, तरी प्रत्यक्षात जागांची टंचाई असते आणि अनेक शाळा दुपारीच सुटतात. तुमचे पती हे निभावू शकतील की नाही, हे मला ठाऊक नाही. ते त्यांनाच विचारायला हवे, आणि ते "नको" म्हणाले तर ते ऐकून घेण्याची तयारी ठेवून विचारायला हवे.

त्यांच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. कुशल कामगाराच्या जोडीदाराला जर्मनीत कोणतीही नोकरी करण्याची मुभा असते आणि लेथ-मिलिंगच्या कारागिरांना तिथे मागणी आहे. म्हणून त्यांनीही आजपासून तुमच्याबरोबर जर्मन शिकायला बसावे. जोडीदाराच्या व्हिसासाठी सर्वसाधारणपणे ए-१ लागतेच, आणि कुठे सूट मिळाली तरी तुमच्या घराला ती घेणे परवडणारे नाही. वर्कशॉप मात्र लगेच विकू नये. एखाद्या विश्वासू कारागिराला किंवा शेजारच्या युनिटला ते दोन वर्षांसाठी चालवायला द्यावे, भाडे थेट कर्जखात्यात जाईल असे लेखी करावे, आणि तिकडे पाय रोवल्यावर मशीनचा निर्णय घ्यावा. परतीचा रस्ता स्वस्तात विकून टाकल्यावर माणूस न पटणाऱ्या नोकरीतही अडकून राहतो.

आता सासरे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून चाललेला हा महाराष्ट्र-कर्नाटक सीमालढा, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा आणि दर १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाकडे वळणारी पावले, एवढे सगळे ज्यांच्या आयुष्यात आहे, त्यांना तुमचे जाणे मोर्चातून निघून जाण्यासारखे वाटणारच. त्यांच्याशी वाद घालून ते मिटणार नाही. पण त्यांच्या बोलण्यातला एक भाग तुम्ही स्वतःलाही लागू करून पाहा. धाकटीला जूनमध्ये इंग्रजी माध्यमात घालण्याचे तुम्ही ठरवलेच आहे, त्यावर घरात एवढा गहजब झालेला दिसत नाही. नातवंडांची मराठी टिकावी अशी आजोबांची इच्छा असेल, तर तिकडे गेल्यावर आठवड्यातून एक दिवस त्यांनीच फोनवर मुलाकडून मराठी वाचून घ्यावे, आणि हे काम त्यांच्याकडे आदराने सोपवावे. शेतजमिनीच्या उताऱ्यावरून नाव जाईल अशी भीती त्यांना असेल तर तीही दूर करा. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळालेली जमीन राखता येते. पुढे जर्मन नागरिकत्व घेतले तर मात्र भारतीय नागरिकत्व सोडावे लागते. तो विचार आज करण्याची गरज नाही.

"इथे मराठी माणसाला भवितव्य नाही" हे तुमचे वाक्य मला अर्धेच पटते. सरकारी नोकरीत कन्नडची अट, कन्नडमधील कागदपत्रे, हे जाच खरेच आहेत. परंतु तुमचा पगार २४,००० असण्याचे कारण सीमावाद नाही. खासगी रुग्णालये परिचारिकांना किती कमी देतात, हे कोल्हापूरच्या किंवा सांगलीच्या तुमच्या मैत्रिणींना विचारून पाहा. शिवाय खाटेवरच्या गोकाक-बैलहोंगलच्या रुग्णांशी बोलता बोलताच तुम्ही कन्नड शिकला असाल. तोच अनुभव जर्मन शिकताना तुमच्या कामी येणार आहे.

शेवटी एजन्सी. ४ लाख रुपये भरू नका. आपल्या कायद्यानुसार नोंदणीकृत भरती एजंटाला परदेशी नोकरीसाठी उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढेच घेता येतात, आणि नोंदणीकृत एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. परिचारिकांना परदेशातून न्याय्य रीतीने आणणाऱ्या संस्थांसाठी जर्मन सरकारचे एक गुणवत्ताचिन्ह आहे, आणि ते मिळवणाऱ्या संस्थांना भरतीचा खर्च परिचारिकेकडून घेता येत नाही. तो नोकरी देणारा भरतो. तुमच्या एजन्सीकडे ही नोंदणी आणि जर्मन भागीदाराकडे ते चिन्ह आहे का, हे लेखी विचारा. "भाषेचे वर्ग" किंवा "कागदपत्रांचा खर्च" अशा नावांनी मोठी रक्कम मागितली गेली, तर तिचा तपशील मागा. करारात मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास किती रक्कम परत करावी लागेल, मान्यतेला उशीर झाला तर पगार काय राहील आणि कुटुंबासाठी घर शोधायला रुग्णालय मदत करील का, ही तीन कलमे मराठीत समजावून घेतल्याखेरीज सही करू नका. मूळ प्रमाणपत्रे आणि पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात देऊ नका, साक्षांकित प्रती द्या आणि त्यांचीही पोच घ्या.