गुणांवरून पाडलेल्या तुकड्या

प्रश्न : आमच्या मुलाच्या शाळेत सहावीपासून वार्षिक परीक्षेच्या गुणांवरून 'अ', 'ब' आणि 'क' अशा तुकड्या पाडतात. मुलगा 'क'मध्ये गेला आहे. सारख्या पातळीची मुले एकत्र असली की मागे पडणाऱ्यांचेही भले होते, असे शिक्षक सांगतात. हे खरे मानावे का?
– एक पालक

उत्तर : शिक्षकांचे म्हणणे निराधार नाही. केनियातील १२१ प्राथमिक शाळांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिलीच्या मुलांचे पातळीनुसार दोन वर्ग केले, तेव्हा वरच्या व खालच्या अशा दोन्ही वर्गांची प्रगती झाली. मात्र तेथे कोणत्या वर्गाला कोणता शिक्षक द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते, आणि खालच्या वर्गाचा शिक्षक मुलांना जेथे अडते तेथूनच शिकवू शकत होता. एरवी अनुभवी शिक्षक 'अ'कडे जातात आणि नवखे 'क'कडे. या वाटणीबद्दल सहसा कोणी बोलत नाही.

खरा फरक फळ्यावर दिसतो. अपूर्णांकांचा भागाकार शिकवताना 'अ'मध्ये दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा यावर चर्चा होते, तर 'क'मध्ये 'उलटा करा आणि गुणा' एवढा नियम वहीत उतरवून त्याच साच्याची दहा गणिते सोडवून घेतली जातात. वर्षअखेरीस प्रश्नपत्रिका दोघांना एकच. मग 'क'चे गुण कमी पडतात आणि तुकडी बरोबरच पाडली होती, असा त्याचा अर्थ लावला जातो.

शिवाय मुळातली निवड वाटते तेवढी निर्दोष नसते. एकाच इयत्तेतल्या दोन मुलांच्या वयात अकरा महिन्यांचे अंतर असू शकते, आणि सहा वर्षांच्या मुलासाठी तो आयुष्याचा जवळजवळ सहावा हिस्सा असतो. इंग्लंडमध्ये इयत्तेसाठी वय १ सप्टेंबरपासून मोजतात. तेथे ऑगस्टमध्ये जन्मलेली मुले खालच्या गटांत अधिक आढळतात. घरात पुस्तके असणे, अभ्यासाला कोणी शेजारी बसणे, यांचाही वाटा त्या गुणांत असतो आणि तो हुशारीच्या नावावर जमा होतो. वॉशिंग्टन शहरातील शाळांची अशी वर्गवारी १९६७ मध्ये न्यायालयाने रद्द केली, कारण तिच्यामुळे गरीब आणि कृष्णवर्णीय मुले खालच्या प्रवाहात अडकून पडत होती.

विषयवार गट ही वेगळी गोष्ट आहे, आणि माझ्या मते तुलनेने बरी. सिंगापूरने माध्यमिक शाळांतील जुने तीन प्रवाह २०२४ पासून सातवीच्या वयाच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केले. आता वर्ग मिश्र असतो आणि प्रत्येक विषय मुलाच्या पातळीप्रमाणे घेता येतो. गणितात मागे असलेला मुलगा भाषेत पुढे असू शकतो, ही साधी गोष्ट तेथे वेळापत्रकात उतरली आहे.

तेव्हा मुलाला 'अ'मध्ये घ्या, असा आग्रह धरण्याआधी गेल्या तीन वर्षांत 'क'मधून वर किती मुले गेली, हे शाळेला विचारा. 'क'ला गणित कोण शिकवते आणि तुकडी वर्षाच्या मध्यावर बदलता येते का, हेही विचारा. वर गेलेल्यांची संख्या शून्याच्या आसपास निघाली, तर हा विषय पालकसभेत लेखी मांडा, आणि शक्य असल्यास 'अ'मधल्या एखाद्या मुलाच्या पालकांचीही त्यावर सही घ्या.